मागणीपत्राबाहेर राहिलेली समता

(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



कामगार चळवळीत समतेचा उच्चार इतक्या वेळा होतो की तो ऐकून आता कोणाचे कान टवकारत नाहीत. वेतनातील समता, संधीची समता, कायद्यापुढील समता हे शब्द प्रत्येक ठरावात असतात, आणि ते असायलाच हवेत. परंतु आठ तास एकाच छपराखाली घाम गाळणारी दोन माणसे एकमेकांना काय म्हणून हाक मारतात, एकाच माठातले पाणी पितात की नाही, जेवणाच्या सुट्टीत एका बाकावर बसतात की नाही, याचा उल्लेख ठरावात क्वचितच येतो. हे विषय स्वभावाचे, संस्काराचे, फार तर सौजन्याचे मानले जातात. संघटनेचा संबंध पगाराशी, बोनसशी आणि कामाच्या तासांशी. वागणुकीचे ज्याचे त्याने पाहावे, अशी एक सोयीची वाटणी चळवळीने करून घेतली आहे. ही वाटणी चुकीची आहे आणि ती कामगारांना फार महाग पडते. मुंबईच्या गिरणगावात हे जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी सिद्ध झालेले आहे.

गिरणीतील साळखाते म्हणजे विणकामाचे खाते. सूतकताईच्या खात्यांपेक्षा तेथील मिळकत बरीच अधिक. या खात्यात अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या कामगारांना प्रवेश नव्हता. ते बहुतांशी कताईच्या खात्यांत, कमी मिळकतीच्या जागांवर कोंबलेले असत. कारण सांगितले जाई ते असे : धोट्यातील कांडीवरचे सूत संपले की विणकराला नवी कांडी बसवावी लागते आणि तिचा धागा धोट्याच्या छिद्राला ओठ लावून, श्वासाने ओढून बाहेर काढावा लागतो. साच्यावरचा माणूस बदलला तरी धोटा तोच राहतो. म्हणजे एकाची लाळ दुसऱ्याच्या ओठाला लागणार, आणि सवर्ण विणकर बाटणार! लँकेशायरच्या गिरण्यांतही धागा असाच ओठांनी ओढत असत. तेथे त्याविरुद्ध तक्रार झाली ती दातांच्या आणि रोगांच्या कारणाने. गिरणगावात त्याच क्रियेचे जातीच्या कुंपणात रूपांतर झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. तोंड न लावता धागा ओवता येईल अशी सोय त्या काळी जगाला अज्ञात नव्हती. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ सालीच तोंडाने धागा ओढण्यास बंदी घातली होती. खरी अडचण लाळेची असती, तर नव्या धाटणीचे धोटे मागणे हा उपाय समोर होता. त्यात सवर्ण विणकराच्याही फुप्फुसाचे भले होते, कारण सुताची कस्पटे त्याच्याही छातीत जात होती. परंतु धोटा बदलण्याऐवजी माणसाला दाराबाहेर ठेवण्यात आले. विटाळाची भावना खोटी होती असे नव्हे. ती मनापासून पाळली जात होती. मात्र ती पाळण्याचा मोबदला दर महिन्याला पगाराच्या पाकिटातून मिळत होता, आणि अशी भावना सहसा लवकर मावळत नाही.

१९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्यांचा प्रचंड संप झाला. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने उपाशी राहून लढले. या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी पुढाऱ्यांना स्पष्टपणे सांगितले की, विणकामाच्या खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश मिळावा ही मागणी संपाच्या मागण्यांत आली पाहिजे. ती येणार नसेल तर या कामगारांना संपापासून दूर राहण्याचा सल्ला द्यावा लागेल. पुढारी त्या वेळचे सर्वांत जहाल, वर्गलढ्याचे शास्त्र अभ्यासलेले लोक होते. तरीही मागणी स्वीकारली गेली ती नाराजीने. कारण उघड होते. साळखात्यातील विणकर हा संपाचा कणा होता, आणि त्याला दुखवणे म्हणजे संपाला दुखवणे असा हिशेब होता.

मागणी मालकांपुढे आली तेव्हा मालकांनी दिलेले उत्तर चळवळीच्या प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावे असे आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, हा अन्याय असेलच, तर त्याची जबाबदारी मालकांवर येत नाही.

या उत्तरापाशी थोडे थांबले पाहिजे. मालकांनी इतर मागण्यांना दिलेली उत्तरे म्हणजे तोट्याचे आकडे, स्पर्धेची भीती, जपानी कापडाची ढाल. त्या प्रत्येक उत्तराला संघटनेजवळ प्रत्युत्तर होते. या एका उत्तराला मात्र संघटनेजवळ काहीच नव्हते. मालकाचे म्हणणे अर्धेच खरे होते. भरतीची किल्ली अखेर त्याच्या जॉबरच्या हातात होती, आणि विभागलेला कामगार मालकाला परवडतच होता. एरवी कामगारांच्या भावनांची पर्वा न करणारा मालक नेमक्या याच भावनेचा आदर करतो, यातच सारे आले. पण उरलेले अर्धे खरे होते. साळखात्याच्या दारावर मालकाच्या सहीची पाटी नव्हती. ते दार सोबत्यांनीच सोबत्यांवर लावलेले होते, आणि मालकाने ते फक्त बोट करून दाखवले. पुढच्या वर्षी, १९२९ साली, पुन्हा संप पुकारला गेला तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याला विरोध केला. त्या विरोधाची कारणे अनेक होती आणि त्यांची चर्चा इतिहासकार करीत आले आहेत. पण ज्याला साळखात्याच्या उंबऱ्यावर रोखले, त्याने साळखात्याच्या हिताच्या लढ्यात मुलाबाळांसह उपाशी राहावे ही अपेक्षा कशाच्या आधारावर करायची, हा साधा प्रश्न त्यातून उरतोच.

चळवळीत एक वाक्य वरचेवर ऐकू येते : आधी पोटाचा प्रश्न, मानाचा मागाहून. वरवर पाहता ते व्यवहारी वाटते. साळखात्याचे उदाहरण समोर ठेवले म्हणजे त्यातला फोलपणा दिसतो. तेथे मानाचा प्रश्न हाच पोटाचा प्रश्न होता. ओठाला ओठ लागू नये म्हणून हजारो घरांतली भाकरी वर्षानुवर्षे लहान राहिली. अपमान हा पगाराहून वेगळ्या वहीत लिहिला जातो असे मानणाऱ्याने ती वही कधी उघडून पाहिलेली नसते.

डॉ. आंबेडकरांनी पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत हा मुद्दा आणखी खोलात जाऊन मांडला. ब्राह्मण्य आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत असे त्यांनी तेथे सांगितले, आणि ब्राह्मण्य याचा अर्थ एका जातीचे लोक असा न करता स्वातंत्र्य, समता व बंधुता नाकारणारी वृत्ती असा केला. ती वृत्ती सर्व जातींत भिनलेली असते हेही त्यांनी बजावले. परंतु त्या भाषणातील एक बारीक तपशील फारसा कोणी सांगत नाही. रेल्वेत अस्पृश्य माणसाला गँगमनची जागा मिळे. पोर्टरची सहसा मिळत नसे. का? तर पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागत, आणि स्टेशनमास्तर बहुधा सवर्ण असे. कागदोपत्री पोर्टर हा रेल्वेचा नोकर. पाणी मात्र त्याने मास्तरांच्या स्वयंपाकघरात भरायचे! म्हणजे अन्याय दुहेरी होता. ज्याला ती जागा मिळे तो सरकारी पगारावर घरगडी होई. आणि ज्याला मिळत नसे, तो त्या घरात चालत नाही म्हणून फलाटावरूनही हाकलला जाई. साहेबाच्या घरची भाजी आणणारा शिपाई ज्या ज्या कचेरीत दिसतो, तेथे त्या स्टेशनमास्तरचे स्वयंपाकघर अजून चालू आहे असे समजावे.

मनमाडच्या परिषदेनंतर नऊ महिन्यांनी, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. दहा वर्षांपूर्वीचा दुरावा त्या दिवशी बाजूला झाला. अस्पृश्य कामगाराला वगळून नव्हे, तर त्याच्या स्वतःच्या पक्षाशी बरोबरीने बोलून तो संप ठरला होता.

त्यानंतर संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ साली अस्पृश्यता गुन्हे कायदा झाला आणि १९७६ मध्ये तो नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून अधिक कडक करण्यात आला. साळखातेही आता उरले नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून विझल्या आणि त्यांच्या जमिनीवर काचेचे मनोरे उभे राहिले. कुंपण मात्र त्या मनोऱ्यांतही शिरले आहे. एकाच यंत्रावर कायम कामगार आणि ठेकेदाराचा कामगार शेजारी शेजारी उभे असतात. काम एक, घाम एक. पण गणवेशाचा रंग निराळा, कॅन्टीनमधल्या थाळीचा दर निराळा, कित्येक ठिकाणी जेवणाची वेळही निराळी. कंपनीच्या बसमध्ये एकाला जागा राखलेली आणि दुसरा फाटकाशी टमटमची वाट पाहत उभा. ठेकेदाराच्या कामगाराला नावाने कोणी ओळखत नाही. ‘ठेक्याचा पोरगा’ एवढीच त्याची ओळख, मग तो चाळीस वर्षांचा का असेना. कायम कामगारांची संघटना यावर बहुधा म्हणते की, ते ठेकेदाराचे लोक आहेत, त्यांची जबाबदारी संघटनेवर येत नाही. १९२८ च्या मालकांचे उत्तर आज कोणाच्या तोंडी आले आहे, हे पाहून घ्यावे.

वागणुकीचा प्रश्न संघटनेने हाती घेता येतो, आणि जिंकताही येतो, याचे उदाहरण केरळात घडले. कोझिकोडच्या मिठाई तेरुव या बाजारपेठेत कापडाच्या दुकानांतून काम करणाऱ्या बायकांना दहा-दहा, बारा-बारा तास उभे राहावे लागे. गिऱ्हाईक असो वा नसो, बसायचे नाही. क्षणभर भिंतीला टेकले तरी बोलणी बसत. स्वच्छतागृहाची सोय नाही, म्हणून बायका पाणीच पीत नसत आणि आजार अंगावर काढत. पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या पुढाकाराने या बायका आधी स्वच्छतागृहासाठी आणि मग बसण्याच्या हक्कासाठी एकत्र आल्या. त्यांनी स्वतःची संघटना उभी केली, आणि अखेर २०१८ साली केरळ सरकारने दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती करून बसण्याची सोय सक्तीची केली. २०२१ साली तमिळनाडूने तोच मार्ग धरला.

उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय असावी हे तत्त्व १९४८ च्या कारखाने कायद्यात लिहिलेले होते. त्याच कायद्यात पिण्याच्या पाण्याची, अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे कॅन्टीनची आणि दीडशेहून अधिक असतील तेथे विश्रांतिगृहाची तरतूद होती. ती खुर्ची कारखान्यातून केरळच्या दुकानात यायला सत्तर वर्षे लागली. कारण दुकानदाराला खुर्चीचा खर्च जड नव्हता. पाच मिनिटे बसल्याने विक्री घटत नाही हे त्यालाही कळत होते. त्याला खुपत होते ते नोकर बाईने मालकासमोर बसणे. खेड्यातल्या पाटलाच्या ओसरीवर कोणी बसायचे आणि कोणी अंगणात उभे राहायचे हे ज्या नियमाने ठरत असे, त्याच नियमाचा हा शहरी अवतार. मूळ रोग तो असल्याने, आरोग्याची सोय म्हणून मागितली असती तर ती खुर्ची कदाचित मिळाली नसती. हक्क म्हणून मागितली, तेव्हा मिळाली.

मराठी भाषेत या प्रश्नाचा आणखी एक पदर आहे. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांत निवड करण्याची सोय, किंवा आपत्ती, मराठी माणसाला प्रत्येक वाक्यात भेडसावते. परवा लागलेला अधिकारी पंचवीस वर्षे नोकरी केलेल्या शिपायाला ‘अरे, इकडे ये’ म्हणतो आणि शिपाई त्याला ‘हो साहेब, आलो’ म्हणतो. इंग्रजीत बोलताना तोच अधिकारी सगळ्यांशी सारखाच बोलत असतो, हे आणखी एक नवल! ‘तू’ मध्ये माया असते हे खरे. विठ्ठलाला महाराष्ट्राने ‘तू’च म्हटले. पण मायेचा ‘तू’ दोन्हीकडून चालतो. एकाच बाजूने चालणारा ‘तू’ हा मायेचा नसतो.

यापेक्षा कठीण गोष्ट ‘मामा’ आणि ‘मावशी’ यांची. कचेरीतील शिपाई सर्वांचा मामा, रुग्णालयात फरशी पुसणारी बाई सर्वांची मावशी. नाते जोडले म्हणून बोलणाऱ्याला समाधान वाटते. परंतु ज्या मावशीचे नाव दहा वर्षांत एकानेही विचारले नाही, जिला चहाचा कप वेगळा, जिच्या घरी लग्नकार्य निघाले तर कोणी जात नाही, ती कोणाची मावशी? नात्याचा शब्द येथे नाव विसरण्याची सोय करून देतो. कचेरीतल्या हिशेबनिसाला कोणी मामा म्हणत नाही. तो ‘देशपांडे साहेब’ किंवा ‘पाटील साहेब’ असतो. आणि नावाची चौकशी होते तीही अनेकदा आडनावासाठी, म्हणजे जातीचा अंदाज घेण्यासाठी. राखीव जागेवर लागलेल्या सहकाऱ्याच्या मागे ‘सरकारचे जावई’ असे कुजबुजणारे लोक त्याच्याशी समोर अत्यंत गोड बोलतात. अशा गोड बोलण्याला आदर म्हणता येत नाही.

नाव आणि ओळख यांचे मोल काय असते हे पुण्याच्या कचरावेचक बायकांना विचारावे. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली तेव्हा तिने हाती घेतलेल्या पहिल्या गोष्टींपैकी एक होती ओळखपत्र. त्याला पुढे महानगरपालिकेची मान्यता मिळाली. जिला चोर समजून हुसकावले जाई, ती छायाचित्र, नाव आणि शिक्का असलेले कार्ड दाखवू लागली. मजुरीत त्या कार्डाने त्या दिवशी एक पैसाही वाढ झाली नसेल. परंतु २००८ साली शहराच्या कचरा संकलनाचे काम याच बायकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेला मिळाले, ती वाट त्या कार्डापासून निघालेली आहे.

स्त्री सहकाऱ्यांच्या बाबतीत वागणुकीचा प्रश्न केवळ अपमानाचा राहत नाही, तो जिवावर बेततो. राजस्थानात सरकारी महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करणाऱ्या भंवरीदेवी बालविवाह थांबवायला गेल्या. ते त्यांचे नेमून दिलेले काम होते. १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यांना न्याय देण्यात न्यायव्यवस्था अपुरी पडली. पण त्या प्रकरणातून उभ्या राहिलेल्या विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, आणि २०१३ साली कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे तक्रार समिती असावी असे त्या कायद्याने ठरवले. समिती कागदावर असते. प्रश्न असा की, तक्रार करणारी बाई आणि आरोप झालेला पुरुष हे दोघेही एकाच संघटनेचे सभासद असतील, आणि पुरुष संघटनेचा जुना, लढाऊ, तुरुंगात जाऊन आलेला पदाधिकारी असेल, तर संघटना काय करते? ‘घरातले भांडण बाहेर नेऊ नका’ असे ती बाईला सांगते काय? येथे साळखात्याचे दार पुन्हा समोर येते, आणि या वेळी मालक फक्त गंमत पाहत असतो.

म्हणून पहिली तपासणी संघटनेच्या कचेरीतूनच व्हावी. सभेच्या दिवशी सतरंज्या कोण घालतो आणि व्यासपीठावर कोण बसतो, ही माणसे वीस वर्षे तीच आहेत काय? चहा करायला कोण उठते? रात्री साडेनऊला बोलावलेल्या बैठकीस घरचा स्वयंपाक उरकून कोणती कामगार बाई येऊ शकेल? सफाई खात्यातील सभासदांची वर्गणी वेळेवर येते. मग वाटाघाटीला बसणाऱ्या शिष्टमंडळात त्यांच्यातला माणूस शेवटी केव्हा होता? साने गुरुजींनी १९४७ साली पंढरपुरात विठ्ठलाच्या दारासाठी प्राण पणाला लावले. त्यांच्या नावाने सभा घेणाऱ्यांच्या कचेरीत पाण्याचा पेला कोण विसळतो, हे पाहण्यास उपोषण करावे लागत नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. कारखाना चालायचा तर शिस्त हवी, शिस्तीला अधिकाराची उतरंड हवी. सगळेच सारखे झाले तर काम कोण कोणाचे ऐकणार? शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी सर्जनचा शब्द अखेरचा असतो आणि इंजिनावर ड्रायव्हरचा, हे कोणीही नाकारीत नाही. जबाबदारीमुळे येणारा अधिकार कामापुरता असतो आणि काम संपले की तो संपतो. शस्त्रक्रिया झाल्यावर सर्जनने वॉर्डबॉयला ‘अरे’ म्हणण्याची शस्त्रक्रियेला काहीच गरज नसते. उलट ज्याला वर्षभर ‘अरे’ ऐकावे लागते, तो चूक दिसली तरी साहेबाला सांगायला धजत नाही. आणि यंत्रावर किंवा टेबलावर न सांगितलेली चूक म्हणजे कोणाचा तरी हात किंवा जीव.

येत्या वेतनकरारासाठी मागणीपत्राचा मसुदा करताना या गोष्टी त्यात शब्दांत आल्या पाहिजेत. कॅन्टीनची थाळी, वेळ आणि बाके कायम व ठेका कामगारांना एकच असावीत. सुरक्षेची साधने आणि गणवेश एकाच दर्जाचे असावेत. हजेरीपटावर आणि लेखी व्यवहारात प्रत्येकाचे पूर्ण नाव असावे. घरकामासाठी शिपाई नेण्यास बंदी असावी, आणि तो नेल्यास ती शिस्तभंगाची बाब मानावी. तक्रार समितीवरील कामगार प्रतिनिधी स्त्री कामगारांनी निवडलेली असावी. यांतील निम्म्या गोष्टींना मालकाचा एक रुपयाही लागत नाही, आणि नेमक्या म्हणूनच त्या वाटाघाटीत सर्वांत आधी सोडून दिल्या जातात. मसुदा समितीत ठेका कामगारांचा, सफाई खात्याचा आणि स्त्रियांचा माणूस पहिल्या बैठकीपासून असला, तर त्या सुटणार नाहीत. समितीची निवड पुढच्या सर्वसाधारण सभेत व्हायची आहे, आणि त्या सभेची वेळ अजून ठरलेली नाही. ती दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, फाटकाबाहेर, कायम आणि ठेका अशा दोन्ही पाळ्या हजर असताना ठेवता येईल.